व्हर्च्युअल प्रॉडक्शनची पूर्वतयारी: विद्यार्थी व्हीएफएक्स गटाच्या प्रमुखाला पडणारे प्रश्न

ठाण्यात विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी व्हीएफएक्स, म्हणजे दृश्यपरिणामांच्या, गटांना मार्गदर्शन करताना, एलईडी भिंतीसमोर चित्रीकरण करायचे ठरले की नव्याने गटप्रमुख झालेल्या मुलामुलींकडून जवळजवळ तेच प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सर्वत्र एकाच प्रसंगाचे घेतले आहे: पहाटेची ठाण्याची खाडी, ओहोटी लागलेली, आणि होडीत बसून जाळे आवरणारी कोळीण व तिचा मुलगा. एकूण सात शॉट, भाड्याने आणलेली भिंत आणि चित्रीकरणाचा एकच दिवस.

व्हर्च्युअल प्रॉडक्शन म्हणजे नेमके काय, आणि त्यात आमचे काम चित्रीकरणाच्या आधी का येते?

कलाकारांच्या मागे एलईडी पॅनेलची भिंत उभी करतात आणि अनरियल इंजिनसारख्या प्रणालीतून तिच्यावर त्रिमितीय दृश्य दाखवतात. कॅमेरा कोठे आहे आणि कोणीकडे पाहतो आहे हे ट्रॅकिंग यंत्रणा प्रत्येक फ्रेमला कळवत राहते, त्यामुळे कॅमेरा सरकला की भिंतीवरचे दृश्यही त्याच्या नजरेनुसार बदलते. संगीत नाटकांच्या काळातले रंगवलेले पडदे प्रेक्षागृहातल्या एखाद्याच जागेवरून अचूक दिसत असत, कारण त्यांचे यथार्थदर्शन चित्रकाराने एकदाच ठरवून टाकलेले असे. येथे पडदा कॅमेऱ्यासाठी क्षणोक्षणी नव्याने रंगवला जातो. बाबूराव पेंटर यांच्यासारखा पडदे रंगवणारा कलावंत सिनेमाकडे वळला, ती वाट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच पडलेली आहे, असे मला नेहमी वाटते.

हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण केले तर पार्श्वभूमी कशी असावी हा निर्णय नंतर घेता येतो. एलईडी भिंतीवर जे दिसते ते थेट कॅमेऱ्यात जाते, म्हणून खाडीतले पाणी, तिवरांची रांग, आकाशाचा रंग आणि सूर्याची उंची हे सगळे चित्रीकरणाच्या दिवसाआधी पूर्ण व्हावे लागते.

गटप्रमुख म्हणून माझे मुख्य काम कोणते? सर्वात अवघड मॉडेल मी स्वतः करावे का?

करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. गटातला सर्वात कुशल मुलगा किंवा मुलगी प्रमुख होते, आणि मग सवयीने तीच व्यक्ती सर्वात अवघड काम अंगावर घेऊन रात्रभर संगणकासमोर बसते. दरम्यान छायालेखकाने लेन्स बदललेली असते, कला विभागाने होडी दुसरीच आणलेली असते, आणि गटाला ते कळलेलेच नसते.

प्रमुखाचे पहिले काम निर्णय घडवून आणण्याचे आहे. दिग्दर्शक, छायालेखक आणि कला विभाग यांना एका टेबलाशी बसवून प्रत्येक शॉटसाठी पाच गोष्टी त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात: लेन्स, कॅमेऱ्याची उंची, कॅमेऱ्याची हालचाल, चित्रचौकटीतल्या खऱ्या वस्तू, आणि प्रकाशाची दिशा. ‘पहाटेचा मूड’ असे कोणी म्हटले तर त्यावर समाधान मानू नये. सूर्य उगवण्याआधीची पहाट की उगवल्यानंतरची, सूर्य उजवीकडे की कॅमेऱ्यामागे, हे विचारावे. दिग्दर्शक विद्यार्थीच असल्याने त्यालाही ते माहीत नसण्याची शक्यता असते, आणि हे प्रश्न त्याला त्रास म्हणून नव्हे, मदत म्हणून विचारले जात आहेत हे त्याला जाणवले पाहिजे.

दुसरे काम म्हणजे बदल थांबण्याची तारीख ठरवणे. चित्रीकरणाच्या दहा दिवस आधी दृश्याची रचना गोठवावी आणि त्यानंतर केवळ रंग, तेजस्विता व वेग यांच्यावर काम करावे, असे मी सांगतो. ही तारीख दिग्दर्शकालाही पहिल्याच बैठकीत सांगावी. आदल्या रात्री सांगितली तर ती अडवणूक वाटते.

गट किती जणांचा असावा?

सात शॉटच्या प्रसंगाला सहा जण पुरतात. दोघे दृश्यनिर्मितीला, एक जण पोत (मॉडेलच्या पृष्ठभागावरचे चित्र) आणि मटेरियलला, एक जण इंजिनातील प्रकाश व वेगाला, एक जण ट्रॅकिंग आणि भिंतीच्या जोडणीला, आणि एक प्रमुख. प्रत्येकाच्या कामाची जुजबी माहिती असलेला दुसरा कोणीतरी गटात असलाच पाहिजे, कारण परीक्षा आणि ताप या दोन गोष्टी वेळापत्रक पाहून येत नाहीत.

सगळेच शॉट भिंतीसमोर घ्यावेत का?

घेऊ नयेत. कोळिणीचे जाळ्यावरचे हात इतक्या जवळून दिसणार असतील की मागे केवळ धूसर निळसरपणा उरतो, तर तिथे भिंतीची गरज नाही. एखादा मोठा टीव्ही किंवा रंगवलेले कापडही चालेल. होडी दूर जाताना दाखवायची असेल तर तो शॉट खऱ्या खाडीवर घ्यावा. भिंत सर्वात उपयोगी पडते ती मध्यम अंतराच्या शॉटमध्ये, जिथे चेहऱ्यावर पार्श्वभूमीचा प्रकाश पडतो आणि ओल्या लाकडात, पाणावलेल्या डोळ्यांत तिचे प्रतिबिंब दिसते. हिरव्या पडद्यासमोर हाच भाग सर्वात खोटा दिसतो.

आमच्या प्रसंगात भिंतीचे मोल आणखी एका कारणाने आहे. खाडीवरचा गुलाबी उजेड पाहता पाहता संपतो, आणि तेवढ्यात सात शॉट होत नाहीत. भिंतीवर तीच पहाट दिवसभर तशीच ठेवता येते.

खाडीवर रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, जाताना काय तयारी करावी?

आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज पहाटे मिळालेला उघडा चिखल आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असतो. ज्या दिवशी सूर्योदय आणि ओहोटी जुळतात ते दिवस महिन्यात मोजकेच मिळतात. ते आधी शोधून त्यांवरून रेकी ठरवावी.

ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. त्यामुळे अभयारण्यात किंवा खारफुटीत पाय टाकण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे चौकशी करून परवानगी घ्यावी, आणि हंगामात पक्षी असतील तर त्यांच्याजवळ जाऊ नये. ड्रोनचा विचार असल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या नकाशावर त्या जागेचा रंग पाहावा. लाल क्षेत्रात केंद्र शासनाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्तीत होड्यांची छायाचित्रे घ्यायची असतील तर आधी होडीच्या मालकाला भेटावे, काय करणार आहोत ते सांगावे, आणि जमल्यास त्यांच्याकडूनच जाळे आवरण्याची रीत समजून घ्यावी. मुलांना त्या अर्ध्या तासात जे कळते ते संदर्भचित्रांच्या ढिगातून कळत नाही.

छायाचित्रांवरून त्रिमितीय मॉडेल करण्यासाठी, म्हणजे फोटोग्रामेट्रीसाठी, ढगाळ उजेड सर्वात चांगला, कारण सावल्या पोतात कायमच्या उमटत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात तो आयताच मिळतो, पण ओले लाकूड चकाकते आणि ती चकाकी प्रत्येक छायाचित्रात जागा बदलते, म्हणून पाऊस थांबून पृष्ठभाग सुकल्यावरच काम सुरू करावे. श्रावणातल्या ऊनपावसात तर एका होडीच्या अर्ध्या बाजूवर ऊन आणि अर्ध्या बाजूवर सावली असे मिश्रण होते. शेजारच्या दोन छायाचित्रांत सुमारे ७० टक्के भाग सामाईक असावा, एक्स्पोजर बदलू नये, आणि पहिल्या चित्रात मोजपट्टी व रंगतक्ता ठेवावा. पाण्याचे मॉडेल या पद्धतीने होत नाही. पाणी इंजिनातच करावे लागते. आकाशासाठी दर पाच मिनिटांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे पूर्ण गोलाकार छायाचित्र घ्यावे, म्हणजे पहाटेच्या नेमक्या कोणत्या क्षणाचा प्रकाश हवा हे नंतर निवडता येते.

मोठी भिंत परवडत नाही. लग्नसमारंभासाठी भाड्याने मिळणारी एलईडी वॉल चालेल का?

बहुधा चालत नाही, पण त्यामागची कारणे समजून घेतली तर योग्य भिंत निवडता येते.

एलईडीच्या दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे पिक्सेल पिच. मांडवात किंवा सभेत ३.९ मिलिमीटरची भिंत उत्तम दिसते, कारण प्रेक्षक लांब असतो आणि डोळा माफ करतो. कॅमेरा माफ करत नाही. ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत मिसळली की चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात, ज्याला मॉयरे म्हणतात. शिवाय भिंतीचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र ताजे होण्याचा वेग, कमी असेल तर आडव्या काळ्या रेषा फिरताना दिसतात. साधा ठोकताळा असा की पिच जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर कॅमेरा भिंतीपासून दूर असावा, आणि फोकस कलाकारावर ठेवून भिंत थोडी धूसर राहील असे पाहावे. भाडे ठरवण्याआधी स्वतःचा कॅमेरा घेऊन दुकानदाराकडे जावे, दोन पॅनेल सुरू करायला सांगावे आणि पाच मिनिटांचे चित्रण घरी मोठ्या पडद्यावर पाहावे. गणेशोत्सव आणि लग्नसराईत भिंती मिळणे कठीण होते, म्हणून चाचणीची तारीख आधीच मागून ठेवावी.

आता आकार. २.६ मिलिमीटर पिचचे अर्ध्या मीटरचे चौकोनी पॅनेल सहसा १९२ गुणिले १९२ पिक्सेलचे असते. ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंतीला अशी ७२ पॅनेल लागतात आणि संपूर्ण भिंतीचे रिझोल्यूशन होते २३०४ गुणिले ११५२. सिनेमा कॅमेऱ्यांतल्या सुपर ३५ मापाच्या सेन्सरची रुंदी सुमारे २४.९ मिलिमीटर आणि १६:९ चौकटीत उंची सुमारे १४ मिलिमीटर धरली, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने ही भिंत रुंदीला ८.४ मीटरवरून पुरते. उंचीला मात्र ती ७.५ मीटरलाच संपते. म्हणजे कॅमेरा त्यापलीकडे गेला की वर स्टुडिओचे छत दिसू लागते. हा हिशोब प्रमुखाने स्वतः कागदावर करून छायालेखकाला दाखवावा. कॅमेरा डावीउजवीकडे फिरणार असेल तर याहून बरेच कमी अंतर गृहीत धरावे लागते.

‘द मँडलोरियन’ या २०१९ च्या मालिकेसाठी सुमारे २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची गोलाकार भिंत वापरली होती. तिची चित्रे पाहून मुले खचतात. आपला प्रसंग एका होडीचा आहे, आणि एका होडीला ६ मीटर पुरतात.

आमच्या संगणकावर दृश्य सुरळीत चालते. भिंतीवर ते अडखळेल का?

अडखळण्याची दाट शक्यता असते. आपल्या मॉनिटरवर इंजिन एकच चित्र काढत असते. भिंतीसाठी ते दोन काढते: कॅमेऱ्याला दिसणारा आतला भाग, ज्याला इनर फ्रस्टम म्हणतात, आणि उरलेल्या भिंतीवरचा, प्रकाश व प्रतिबिंबांसाठीचा बाहेरचा भाग. सेकंदाला २५ फ्रेमने चित्रीकरण करायचे तर प्रत्येक फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात. मी गटाला ३० मिलिसेकंदांची मर्यादा घालून देतो, कारण ट्रॅकिंग आणि प्रत्यक्ष दिवसाची गडबडही त्यातून भागवायची असते.

खाडीच्या दृश्यात सर्वात महाग गोष्ट म्हणजे तिवरांची पाने, त्यानंतर पाण्याची पारदर्शकता आणि धुके. पहिल्या रांगेची झाडे खरी मॉडेल असावीत; त्यामागे सपाट पृष्ठभागांवर चिकटवलेली चित्रे चालतात, आणि ऐरोलीच्या बाजूच्या इमारतींसाठी एक चांगले छायाचित्र पुरते, कारण इतक्या दूरच्या वस्तूंचे एकमेकींसापेक्ष सरकणे कॅमेऱ्याच्या एखाद्या मीटरच्या हालचालीत जाणवत नाही. दृश्य हलके करणे ही तडजोड आहे असे विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्येक दगडावर चार हजार पिक्सेलचा पोत लावणाऱ्या मुलाला मी कॅमेऱ्यातून तो दगड किती पिक्सेलचा दिसतो ते मोजायला लावतो, आणि मग तो स्वतःच पोत लहान करतो.

मापे जुळवण्यावर एवढा भर का?

कारण आमच्या एका तुकडीचा बराच वेळ त्यात गेला. कला विभागाने होडी डोलावी म्हणून ती ४० सेंटिमीटर उंच पाटावर ठेवली होती. आमच्या दृश्यात पाण्याची पातळी स्टुडिओच्या जमिनीला जुळवलेली होती. कॅमेऱ्यात पाहिले तर होडी हवेत लटकल्यासारखी वाटे, पण नेमके काय चुकले ते कोणाला सांगता येईना. मुलांनी लेन्स तपासली, ट्रॅकिंग पुन्हा लावले, पाण्याच्या लाटा बदलल्या. दोन तासांनी एका विद्यार्थिनीने सहज मोजपट्टी घेऊन होडीचा काठ मोजला आणि उलगडा झाला. सगळे दृश्य ४० सेंटिमीटर वर उचलायला एक मिनिट लागले. पाटाचा विषय फोनवर झाला होता, तो कागदावर कोणीच आणला नव्हता, आणि ती जबाबदारी माझी होती.

तेव्हापासून प्रत्येक गटाकडे मापपत्रक असते. खरी वस्तू, तिची लांबी-रुंदी-उंची, जमिनीपासूनची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर, सगळे सेंटिमीटरमध्ये. अनरियलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर असल्याने आकडे जसेच्या तसे घालता येतात. त्यावर कला विभाग, कॅमेरा विभाग आणि व्हीएफएक्स या तिघांच्या सह्या हव्यात, आणि बदल झाला की नवे पत्रक निघाले पाहिजे.

ट्रॅकिंग बरोबर लागले आहे हे कसे ओळखावे?

सुरुवातीला दोन चाचण्या कराव्यात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवून भिंतीवरचे दृश्य एक मिनिट पाहावे. ते थरथरत असेल तर ट्रॅकिंगमध्ये गडबड आहे. मग दृश्यात एक उभा खांब बरोबर भिंतीच्या प्रतलात ठेवावा आणि त्याच जागी भिंतीला लागून एक खरी काठी उभी करावी. कॅमेरा कसाही हलवला तरी तो खांब काठीपासून सरकता कामा नये. सरकला, तर भिंतीची जागा इंजिनात चुकीची भरलेली आहे. त्याशिवाय, कॅमेरा हलणे आणि भिंत बदलणे यांत काही फ्रेमचा उशीर राहतोच, म्हणून कॅमेरा झपाट्याने वळवण्याचे (पॅनचे) शॉट आखणीतच टाळावेत आणि आतला भाग चौकटीहून थोडा मोठा ठेवावा.

भिंतीच्या उजेडातच चेहरे चित्रित करता येतील का?

केवळ त्या उजेडावर विसंबू नये. एलईडी लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन अरुंद पट्ट्यांतच प्रकाश देते, त्यामुळे सावळ्या त्वचेचा ऊबदारपणा जातो आणि लुगड्याचा रंग भलताच दिसू शकतो. चेहऱ्यासाठी पूर्ण वर्णपटाचा दिवा वेगळा लावावा आणि भिंतीकडून कडा व प्रतिबिंबे घ्यावीत. हा दिवा भिंतीवर सांडला की भिंतीचा काळा रंग राखाडी होतो, म्हणून लाइटमनला कटर, म्हणजे उजेड अडवणारे काळे फलक, आधीच मागून ठेवायला सांगावे. वेशभूषेचे कापड कॅमेरा चाचणीच्या दिवशीच भिंतीसमोर धरून पाहावे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेमला शटर (फ्रेमवर उजेड किती वेळ पडावा हे ठरवणारा कोन) १८० अंशांवर ठेवावे. २४ फ्रेमने चित्रीकरण करायचा हट्ट असेल तर १७२.८ अंश घ्यावे. दोन्हींत एक्स्पोजर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे होते आणि साध्या दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. कॅमेरा, भिंत आणि संगणक एकाच जेनलॉक संकेतावर, म्हणजे सर्वांची फ्रेम एकाच क्षणी सुरू करणाऱ्या संकेतावर, चालत आहेत ना, हे मात्र वेगळे तपासावे लागते.

फाइलींची व्यवस्था कशी ठेवावी?

‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशी नावे पहिल्याच दिवशी बंद करावीत. परफोर्स किंवा तत्सम आवृत्ती-व्यवस्था वापरावी, आणि शॉट क्रमांक, वस्तू, आवृत्ती या क्रमाने नावे द्यावीत. रोज रात्री एकच जण दृश्य उघडून ते चालते ना हे पाहील असे ठरवावे.

रंगीत तालीम करणे शक्य नसेल तर?

नाटकवाले रंगीत तालमीशिवाय पहिला प्रयोग लावत नाहीत. आपणही लावू नये. संपूर्ण दिवस भिंत भाड्याने घेणे परवडत नसेल तर वर्गातल्या प्रोजेक्टरसमोर, जमिनीवर खडूने भिंतीची रेषा आखून, होडीच्या जागी बाक ठेवून तालीम करावी. दिग्दर्शकाने ‘सूर्य थोडा खाली घ्या’ म्हटले की कोण ऐकेल, कोण बदल करेल, आणि बदल झाल्याचे मोठ्याने कोण सांगेल, हे त्या तालमीत पक्के होते. शक्य असल्यास सातही शॉट क्रमाने, वेळ लावून करावेत. चौथ्या शॉटलाच दुपार उलटली तर दोन शॉट कमी करण्याचा निर्णय त्याच दिवशी घेता येतो.

चित्रीकरणाच्या दिवशी भिंत किंवा संगणक बंद पडला तर काय करावे?

त्यासाठी प्रत्येक शॉटचे स्थिर, उच्च रिझोल्यूशनचे चित्र आधीच काढून दुसऱ्या संगणकावर ठेवावे. ट्रॅकिंग गेले तर कॅमेरा न हलवता त्या चित्रासमोर शॉट घेता येतो. एखादे पॅनेल गेले तर चौकट थोडी सरकवता येते का ते छायालेखकासोबत पाहावे. उरलेली जागा नंतर रंगवून काढता येते. सर्वांसमोर चूक कोणाची हे विचारू नये. एकोणीस-वीस वर्षांची मुले असतात, ती त्या क्षणी घाबरलेली असतात, आणि घाबरलेला मुलगा दुसरी चूक करतो. विजेच्या जोडणीला मात्र कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्याने हात लावू नये. ते काम भिंतीसोबत आलेल्या तंत्रज्ञाचेच आहे.

काम उशिरापर्यंत चालते. पालकांना काय सांगावे?

खरे वेळापत्रक सांगावे, आणि ते पाळावे. काम संपण्याची वेळ मध्य आणि ट्रान्स हार्बर अशा दोन्ही मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या पाहून ठरवावी, कारण गटातला कोणी बदलापूरचा असतो, कोणी खारघरचा. त्यापुढे थांबावे लागलेच तर घरी कोण कोणाला सोडणार हे दुपारीच लिहून ठेवावे.

चित्रीकरण झाल्यावर कोणती माहिती जपून ठेवावी?

भिंतीवर चित्रित केले तरी नंतरचे काम पूर्णपणे संपत नाही. होडीच्या तळाशी भिंत आणि जमीन यांमधला सांधा झाकावा लागतो, एखाद्या कोपऱ्यात पट्टे येतात, कधी पक्ष्यांचा थवा वाढवायचा असतो. म्हणून प्रत्येक टेकसाठी ट्रॅकिंगची नोंद, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक), लेन्सची माहिती आणि त्या क्षणीच्या दृश्याची प्रत, म्हणजे सूर्य कोठे होता, धुके किती होते, हे सारे जतन करावे. दिवस संपताना रंगतक्ता आणि राखाडी गोळा भिंतीसमोर धरून एकदा चित्रित करावा. ही सगळी सामग्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, त्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे द्याव्यात, आणि भिंत उतरवायला सांगण्याआधी प्रमुखाने स्वतः प्रत्येक शॉटची एक तरी फाइल उघडून पाहावी.